दहा इंजेक्शनं आणि पायाखालची जमीन

मी पोलीस पाटील आहे. पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या पठाराच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आमची बौद्धवाडी आहे. अठ्ठावीस घरं. वाडीवर काही विपरीत येणार असेल तर ते आधी मला कळावं आणि मी ते तहसीलला कळवावं, हे माझं काम. गेल्या वर्षी श्रावणात एक गोष्ट सगळ्यांच्या आधी मला कळली. मी ती कळवली आणि अठ्ठावीस घरांना कुलपं लागली.

हे लिहून काढ म्हणून माझी मुलगी अस्मिता मागे लागली. ती महाडला बी.एस्सी. करते. "आई, तुझ्या चुकीचा कुणाला तरी उपयोग होऊ दे," असं तिने तोंडावर सांगितलं. चूक माझी एकटीची नव्हती, पण सुरुवात माझ्यापासून झाली हे खरं आहे. म्हणून लिहिते.

ताप

लावणी आटोपली आणि माझी कंबर धरली. दिवसभर वाकून काम केलं होतं, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. लघवीला जळजळ होत होती, तीही आठ दिवस अंगावर काढली. वाडीतली भांडणं, नवऱ्याबायकोच्या तक्रारी, सगळं लोक माझ्याकडे येऊन बोलतात. पण माझं हे दुखणं मी सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाही. लाज वाटली.

मग थंडी वाजून ताप आला. दात एकमेकांवर आपटायला लागले. तीन चादरी घातल्या तरी हुडहुडी जाईना. अस्मिताचे पप्पा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलरवर आहेत, बिरवाडीत खोली घेऊन राहतात. सासूबाईंनी त्यांना फोन केला. ते पाळी सोडून जीप घेऊन आले आणि मला महाडला घेऊन गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर, बरगडीच्या खाली, मुठीने हलकेच ठोकलं आणि मी ओरडले.

"जळजळ किती दिवस होतेय, ताई?"

"दोन दिवस," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"आठ-दहा," मी म्हणाले.

मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला होता. माझी आई मूत्रपिंडाच्याच दुखण्याने गेली. तो शब्द कानावर पडला आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही. हे दाराशी उभे होते. त्यांनी माझ्या चपला उचलून हातात धरल्या होत्या, आणि सगळं सांगून होईपर्यंत ते तसेच धरून उभे राहिले.

खोलीत पाच खाटा होत्या. सकाळी फिनेलचा वास यायचा, मग सिस्टर ट्रे घेऊन यायची, मग ताप मोजायचा, मग सलाइनचे थेंब बघत पडून राहायचं. लघवीच्या तपासणीत कळलं की नेहमीच्या गोळ्यांना हे जंतू दाद देत नाहीत. जेंटामायसिन नावाचं इंजेक्शन सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी मी भात मागून खाल्ला.

तीन इंजेक्शनं तिथेच झाली. सोडताना डॉक्टरबाई खाटेशी आल्या. "आणखी सात दिवस, रोज एक. गावाजवळ उपकेंद्र आहे ना? तिथे घ्या. चौथ्या दिवशी रक्त तपासायचं, मूत्रपिंडाचं. ते बघूनच पुढची द्यायची. कानात आवाज यायला लागला, तोल गेला, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी मला फोन. पाणी भरपूर प्या. दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नव्हते. गुडघ्यांच्या दुखण्यावर पोलादपूरच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या माझ्या डब्यात कायम असायच्या. पण त्या मला औषध वाटतच नव्हत्या. मीठमिरची असते तशा त्या घरात असायच्या.

डॉक्टरबाईंनी सगळं कागदावर लिहून दिलं. इंग्रजीत. तो कागद मी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. इतका जपून, की पुन्हा काढलाच नाही.

उतार आणि चढ

उपकेंद्र खालच्या गावात. उतरायला अर्धा तास लागतो, चढायला पाऊण. रोज छत्री घेऊन जायचं, नर्सबाईंकडून इंजेक्शन घ्यायचं आणि परत वर यायचं. त्या चढाने गुडघे ठणकायचे, म्हणून सकाळची एक गोळी सकाळ-संध्याकाळ झाली. संडास अंगणापलीकडे, आणि पाऊस आठ दिवस लागून राहिलेला. सारखं भिजत जायला नको म्हणून मी पाणीच कमी प्यायला लागले.

चौथ्या दिवशी रक्ताला महाडला जायचं होतं. रस्त्यावर माती आली होती, एसटी बंद होती. पाचव्या दिवशी रस्ता मोकळा झाला. पण मला ताप नव्हता, कंबर दुखत नव्हती. बरं झालेल्या माणसाने रक्त कशाला द्यायचं? सासूबाईही म्हणाल्या, "आधीच सुया खाऊन कोळसा झालीस. बस घरात."

मी बसले. पुढची इंजेक्शनं मात्र घेतली. तो धडा होता ना, औषध अर्धवट सोडायचं नाही. तो धडा खराच आहे. पण त्याच्यासोबत दुसरा होता, तो मी सोडून दिला.

साबण

सकाळची वेळ होती. इंजेक्शनं नऊ झाली होती, एक राहिलं होतं. न्हाणीत उभी राहून मी तोंडाला साबण लावला आणि डोळे मिटले.

पायाखालची जमीन बाजूला सरकली. धक्का नाही, आवाज नाही. बसलेल्या माणसाखालून कुणी चटई हळूच ओढून घ्यावी तशी. मी भिंतीवर जाऊन आदळले. डोळे उघडले तर सगळं जागच्या जागी. बादली, तांब्या, चुलीवरचं पाणी. साबण डोळ्यांत गेला होता, तरी मी डोळे मिटायला तयार नव्हते.

अशक्तपणा असेल म्हणून मी दहाव्या इंजेक्शनला निघाले. पाऊस थांबला होता आणि धुकं वर सरकत होतं. पायवाटेवर दहा पावलं टाकली असतील. समोरचा डोंगर वरखाली होत होता. त्याच्यावरची झाडं, खालच्या गावाचे पत्रे, विजेचे खांब, सगळं एकदम उचललं जायचं आणि खाली बसायचं. मी थांबले. डोंगर थांबला. मी पाऊल टाकलं, तो पुन्हा सुरू झाला. मी बघतेय हे त्याला कळत होतं, असं वाटलं.

आणि एक आवाज होता. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा, सलग, बारीक. आमच्या बाजूला गिरणी नाही. मी खाली बसले आणि एक कान जमिनीला लावला. आवाज वाढला. दुसरा कान लावला. तिथेही वाढला. नुसता तळहात कानावर ठेवला तरी तो तेवढाच वाढतो, हे पुढे कितीतरी दिवसांनी ध्यानात आलं. तेव्हा मला एवढंच कळलं की आवाज जमिनीतून येतोय.

तहसीलला आम्हा पोलीस पाटलांचं प्रशिक्षण झालं होतं. दरड कोसळण्याआधी काय दिसतं ते सांगितलं होतं. झाडं कलतात, नवी भेग पडते, झऱ्याचं पाणी गढूळ होतं, जमिनीतून आवाज येतो. वहीत मी ते लिहून घेतलं होतं. आमच्या तालुक्यात ते वहीत लिहून घ्यायचीही गरज नाही. डोंगर काय करतो ते आम्हाला माहीत आहे.

झाडं धरत, उठत-बसत खाली जाऊन मी दहावं इंजेक्शन घेतलं. नर्सबाईंना यातलं काही बोलले नाही. ही गोष्ट दवाखान्याची आहे असं माझ्या मनातही आलं नाही. ती डोंगराची होती.

"तुला लागतंय का?"

घरी येऊन मी पितळी पेला काठोकाठ भरून ओटीवर ठेवला आणि समोर बसले. पाणी हललं नाही. मी उठून चार पावलं चालले. पेला, ओटी, खांब सगळं डुललं. खाली बसून बघितलं तर पाणी शांत.

सासूबाई कडधान्य निवडत होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत, पण कान आणि डोळे दोन्ही तिखट.

"आये," मी म्हणाले, "तुला काय लागतंय का?"

"काय लागतंय?"

"जमीन. हलल्यासारखी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, डोळे मिटले आणि तशाच बसून राहिल्या.

"हाय गो," त्या म्हणाल्या. "हालतंय."

इतका वेळ कुठेतरी आशा होती, की हे मलाच होत असेल.

मी भागुरामदादांना बोलावलं. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, विहाराची देखभाल करणारे. त्यांनी काही विचारलं नाही, काठी घेऊन वाडीभर फिरून आले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"विहाराच्या मागं भेग हाय. बोट जातंय आत."

"आधी होती?"

"मी तर नाय बघितली."

तासाभरात सगळ्या वाडीला कळलं. मग एकेकाचं सुरू झालं. कुणाच्या घागरीतलं पाणी थरथरलं होतं. कुणाची कडी आपोआप वाजली होती. समोरच्या ताराकाकूंना दोन दिवस झोपेत कुणीतरी खाट ढकलल्यासारखं होत होतं. शाळकरी पोरं जमिनीला कान लावून बसली आणि म्हणाली, येतोय, आवाज येतोय. दुपारपर्यंत ज्याला काहीच लागलं नाही असं एकही घर उरलं नाही.

मी तहसीलला फोन केला. "पोलीस पाटील बोलतेय. जमीन हलतेय. सगळ्यांना जाणवतंय. भेग पडलीय."

"उतरवा सगळ्यांना," पलीकडून सांगितलं. "खालच्या शाळेत न्या. आत्ताच. आम्ही माणसं पाठवतो."

उतरताना

दुपारी तीन वाजता वाडी निघाली. अंगावरून वारं गेलेल्या बायाजीबाबांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं. बायकांच्या डोक्यावर पेट्या आणि भांडी होती. पुढे शेळ्या, मागे गुरं. एका दारातून दुसऱ्या दाराकडे फक्त कुलपांचा आवाज जात होता.

कोंबड्या यायला तयार नव्हत्या. धरायला गेलं की पळायच्या आणि परत त्याच अंगणात येऊन निवांत माती उकरायच्या. मी ते बघितलं. त्याचा अर्थ मला लागायला हवा होता.

मला आता आधाराशिवाय चालता येत नव्हतं. दोन बायकांच्या मध्ये, त्यांचे खांदे धरून मी उतरत होते. डोळ्यांसमोर सगळी वाट उचलली जायची, पाय कुठे टेकतोय ते कळायचं नाही आणि मी बसायचे. मी बसले की मागून कुणीतरी ओरडायचं, "हालला!" आणि अख्खी रांग जागच्या जागी थिजायची. बायका पोरांना छातीशी धरायच्या. मग थोड्या वेळाने रांग पुढे सरकायची.

डोंगर हलला हे लोकांना माझ्या पडण्यावरून कळत होतं.

अशाच एका आरोळीला जनावरं बुजली. ताराकाकूंची गाभण शेळी वाट सोडून खाली घसरली आणि दगडात अडकली. वर काढली तेव्हा तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. ती संध्याकाळपर्यंत जगली. ताराकाकूंना दुसरं काही जनावर नव्हतं. त्या तेव्हा रडल्या नाहीत. "जीव वाचला सगळ्यांचा, ते काय कमी हाय," असं म्हणाल्या.

शाळा

खालच्या गावची शाळा सपाटीवर आहे. सिमेंटची जमीन, पक्क्या भिंती. आत येऊन बसले आणि मला रडू आलं, सुटलो म्हणून. अर्धा तास मी भिंतीला टेकून बसून होते. कुणीतरी चहा केला. तो घ्यायला उठले.

फळा वरखाली झाला.

मी कपाट धरलं. बारीक सलग आवाज इथेही होता. इथे डोंगर नव्हता. तरीही तेच. तो माझ्यामागून खाली आला होता.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? अठ्ठावीस घरांना घेऊन आता आणखी कुठे जाणार? मी एका कोपऱ्यात बसले, आणि गरज पडल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बायका कुजबुजत माझ्याकडे आल्या. "पाटीलताई, इथं बी हालतंय." मी त्यांना गप्प केलं.

तहसीलची माणसं येऊन वाडी बघून गेली. झाडं सरळ होती, झऱ्याचं पाणी नितळ होतं. भेगेच्या आत शेवाळ होतं, म्हणजे ती कित्येक वर्षांची. "हालचालीची काही खूण नाही," त्यांच्यातले साहेब म्हणाले. "पण पाऊस आहे. दोन दिवस थांबा खालीच." ते नीट बोलले, चिडले नाहीत. जाताना त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला नक्की काय जाणवलं?" मी म्हणाले, "हलतंय." "आत्ता?" मी भिंतीला टेकून बसूनच राहिले.

नर्सबाई त्या दिवशी शाळेत सगळ्यांना तपासायला आल्या होत्या. पोरांचा ताप, म्हाताऱ्यांचा रक्तदाब. मी भिंतीला हात लावून, पाय फाकवून चालत मोरीकडे जात होते. त्या हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिल्या.

"सुनंदाताई, इकडे या. अशा मधे उभ्या राहा. पाय जवळ घ्या. आता डोळे मिटा."

मी डोळे मिटले आणि झाड तोडल्यासारखी कोसळले. त्यांनी मला वरच्या वर धरलं. तयारीतच होत्या. मग त्यांनी भागुरामदादांना बोलावलं आणि तेच करायला लावलं. दादा डोळे मिटून खांबासारखे उभे.

"हलतंय का, दादा?"

दादा गोंधळले. "आता... नाय."

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "कानात आवाज येतो?"

"जमिनीतून येतो."

"कागद कुठाय महाडचा?"

मी प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. त्यांनी कागद वाचला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं.

"रक्त तपासलं होतं का?"

"रस्ता बंद होता."

"मग उघडला की नाही?"

त्या माझ्या शेजारी फरशीवर बसल्या. "मी पण विचारलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सातही दिवस टोचत राहिले आणि विचारलं नाही. कागद मागायला हवा होता मी." त्यांनी तिथूनच महाडला फोन लावला.

ओळंबा

रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी समोर अक्षरांचा तक्ता लावला. बसल्या बसल्या मी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. मग त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून हलकेच डावीउजवीकडे हलवलं आणि म्हणाले, आता वाचा. अक्षरं नव्हतीच. नुसते काळे ओघळ होते.

"गवंड्याकडे ओळंबा असतो ना, ताई? भिंत सरळ आहे का बघायचा?" ते म्हणाले. "तसा आपल्या दोन्ही कानांच्या आत असतो. डोकं हललं तरी जग स्थिर ठेवतो. या औषधाने कधी कधी तोच बिघडतो. मूत्रपिंड औषध बाहेर टाकायला कमी पडलं की जास्तच. दुखण्याच्या गोळ्या घेत होतात?"

"गुडघ्यांच्या."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

"रोज घेतल्या की त्याच मूत्रपिंडाला मंदावतात," ते म्हणाले.

"म्हणजे जमीन..." मी म्हणाले.

"जमीन हलली नाही."

"परत येईल का हे?"

"थोडं येईल. बाकीचं काम डोळे आणि पाय शिकून घेतील. पूर्ण पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही."

हे शेजारी बसले होते. बाहेरच्या बाकावर आलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अठ्ठावीस घरं, सुनंदा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पुढचे चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले.

महिनाभर मी बिरवाडीच्या खोलीत होते. मूत्रपिंड हळूहळू सुधारलं. तोल सुधारला नाही. वीज गेली, खोलीत अंधार झाला, की मी होते तिथेच जमिनीवर बसायचे, कारण डोळ्यांना काही दिसेनासं झालं की मला वर कुठे आणि खाली कुठे तेच कळायचं नाही. एक दिवस मी उठले तर खाटेपासून मोरीपर्यंत कमरेच्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधलेली. पहिल्या पाळीला जाण्याआधी ह्यांनी ती बांधली होती. मोरीत बॅटरीवरचा दिवा अडकवला होता. मी दोरी धरून गेले आणि परत आले. संध्याकाळी ते आले तेव्हा मी म्हणाले, "गाठ चांगली मारलीय." ते म्हणाले, "बॉयलरवरची गाठ आहे, सुटत नाही." त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

व्यायाम दिला होता. अंगठा समोर धरायचा, नजर त्याच्यावर ठेवायची आणि डोकं हलवायचं. पोटात ढवळून यायचं. अस्मिता घड्याळ लावून समोर बसायची. "अजून वीस सेकंद," ती म्हणायची, आणि मला तिचा इतका राग यायचा की सांगता येत नाही.

विहारात

वाडी तोवर आपापल्या घरी परतली होती. मी वर गेले तेव्हा वर्षावास, पावसाळ्यातला ग्रंथवाचनाचा काळ, चालू होता. रविवारी सकाळच्या वाचनाला सगळे जमतात. वंदना झाली आणि मी उठून उभी राहिले, खांब धरून.

मी सगळं सांगितलं. इंजेक्शनाचं, गोळ्यांचं, न केलेल्या तपासणीचं. "डोंगर हलला नव्हता," मी म्हणाले. "माझ्यामुळे तुम्ही घरं सोडलीत."

मागून एक बाई म्हणाली, "पन माझ्या घागरीतलं पानी हाललं होतं, पाटीलताई. मी माझ्या डोळ्यानी बघितलं."

"मला बी आवाज आला होता," दुसरं कुणी म्हणालं.

"मग ते काय होतं?" भागुरामदादांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत होते.

ताराकाकू उठल्या, पदर सावरला आणि बाहेर गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी शेळी घेऊन देते म्हणून निरोप पाठवला, त्याचंही उत्तर आलं नाही.

घरी आल्यावर सासूबाई चुलीपुढे बसल्या. मग चुलीकडेच बघत म्हणाल्या, "मला काय लागलं नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी. हात टेकले मी. काय नाय लागलं."

"मग हाय का म्हणालीस?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं गो. मेलेल्या माणसासारखी बसली होतीस. नाय म्हटलं असतं तर एकटी पडली असतीस." त्यांनी लाकूड आत सारलं. "माझ्या एका शब्दावर गाव उठंल, असं कुठं ठाऊक होतं मला?"

घडलं ते सगळं लिहून मी राजीनामा पोलादपूरला नेला. तहसीलच्या साहेबांनी वाचला आणि घडी घालून परत दिला. "डोंगराबद्दल तुम्ही खोटं बोलला नाहीत," ते म्हणाले. "गोळ्यांबद्दल मात्र बोललात. पुढच्या वेळी दोन्हीकडे खरं बोला म्हणजे झालं."

काय सांगायचं होतं

त्या इंजेक्शनाला मी शिव्या देत नाही. माझं मूत्रपिंड त्यानेच वाचवलं. उद्या पुन्हा तसाच संसर्ग झाला आणि डॉक्टर म्हणाले की दुसरा उपाय नाही, तर विचार करून घेईनही. पण तेव्हा माझा गोळ्यांचा डबा त्यांच्या टेबलावर उपडा करीन. कुणी विचारलं, दुसरं काही चालू आहे का, तर दुखण्याची गोळी, काढा, जडीबुटी, सगळं सांगायचं. रक्त तपासायला सांगितलं तर ते औषधाचाच भाग आहे, बरं वाटलं म्हणून माफ होत नाही. कागद इंग्रजीत असेल तर वाचून घ्यायचा, मुलीकडून, मास्तरांकडून, कुणाकडूनही. आणि अंगात काही नवीन झालं, कितीही विचित्र, औषधाशी संबंध नसलेलं वाटलं, तरी पुढचं इंजेक्शन घेण्याआधी सांगायचं. मी ते डोंगराला जोडलं. कुणी देवाला जोडेल, कुणी बाहेरच्या बाधेला. आधी नर्सबाईंना विचारा. आता आमच्या उपकेंद्रात त्या प्रत्येकाकडे कागद मागतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात.

मी आज काठीने चालते. सपाट रस्त्यावर डोंगर जवळजवळ स्थिर असतो. चढउतारावर अजून डुलतो. गिरणी कधी थांबली नाही, तिची सवय झाली आहे. तोंड धुताना मी एक हात भिंतीवर ठेवते.

यंदा पावसाळ्यात एका दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. सासूबाई नातेवाइकांकडे गेल्या होत्या. आत मांडणीवरची भांडी वाजली. मला वाटलं, मांजर असेल. बसून राहिले. मग वाडीत आरडाओरडा ऐकू आला. लोक अंगणात धावत होते. आमच्या बाजूला भूकंपाचे लहान धक्के अधूनमधून बसतात, त्यातला तो एक होता. मला काहीही कळलं नव्हतं. माझी जमीन रोजच हलते, आणि कानातला ओळंबा बिघडलेला, त्यात ही वेगळी कशी कळणार? उठावं की नाही, उठले तर पडेन की काय, मी सूप हातात घेऊन तशीच बसले होते. वाडीला सावध करायचं काम माझं, आणि सगळ्या वाडीत ते माझ्या एकटीला कळलं नव्हतं.

समोरच्या घरातून ताराकाकू धावत आल्या. हाताला पीठ लागलेलं. वर्षभर त्यांनी माझ्या ओटीवर पाय ठेवला नव्हता. त्यांनी माझा दंड धरला आणि मला उठवलं.

"ऊठ गो, सुनंदा. बाहेर चल. आता खरंच हालला."

त्यांनी पाऊल टाकलं तिथे मी पाऊल टाकलं. अंगणाच्या मधोमध, पावसात, आम्ही दोघी उभ्या राहिलो. त्यांनी दंड सोडला नाही.

"थांबला का?" मी विचारलं.

त्यांनी खाली जमिनीकडे बघितलं.

"थांबला," त्या म्हणाल्या.

मग मी तहसीलला फोन लावला.